चिठ्ठीची आठवण



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, ‘अमेरिकेतल्या शिकारीच्या परवान्यांची सोडत.’ पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग हळूच विचारणा झाली, ‘सर, गणितावर काही नाही का? गुरुजी गणिताचे होते म्हणून म्हटलं.’ मी त्यांना सांगितलं, हे गणितावरच आहे. आणि गुरुजींवरही आहे.

गुरुजींपासूनच सुरुवात करतो. आम्ही आठवीत असताना वर्गाच्या कपाटात महिन्याला एक नवं पुस्तक येई. मुलं त्रेचाळीस, पुस्तक एक. ते पहिल्यांदा घरी कुणी न्यायचं हे शनिवारी ठरे. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. गुरुजी डोळे मिटून एक उचलत. आमच्यातल्या एकाचं नाव बरेच दिवस निघालं नाही. तो रडकुंडीला आला. गुरुजींना दया आली आणि त्यांनी त्याच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्या शनिवारी अकरा जण तक्रार घेऊन हजर. ‘गुरुजी, माझंही नाव निघालेलं नाही.’ दिवाळीपर्यंत त्या डब्यात इतक्या चिठ्ठ्या झाल्या की झाकण बसेना. तेव्हा गुरुजींनी डबा टेबलावर पालथा केला, पुन्हा प्रत्येकाच्या नावाची एकच चिठ्ठी केली आणि म्हणाले, ‘चिठ्ठीला आठवण नसते रे. म्हणून तर ती टाकायची.’

मी पुढे आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. घटनांचं परस्परस्वातंत्र्य नावाचं प्रकरण इतक्या कमी शब्दांत सांगणं मला कधी जमलं नाही.

आता रॉकी पर्वताकडे जाऊ. त्याच्या पायथ्याच्या एका विद्यापीठगावात मी बावीस वर्षं राहिलो. मी शिकारी नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण माझ्या शेजारचे गृहस्थ शिकारी होते. शाळेत सुतारकाम शिकवायचे. स्वभावानं मवाळ, बोलणं कमी. शरद ऋतूत ते आठवडाभर नाहीसे होत आणि परत आले की एल्कच्या मांसाचं एक पाकीट आमच्या दारात आणून देत. सौभाग्यवती ते हसून घेई आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडी पोचतं करी. बदल्यात शेजाऱ्यांना बटाटेवडे जात. अशी ही देवघेव.

एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा भाऊबंद. मोठा नर तीनशे किलोच्या वर जातो. हा प्राणी मारायचा तर नुसता शिकारीचा परवाना पुरत नाही. त्या वर्षीचा, त्या जातीचा, बऱ्याचदा त्या ठरावीक प्रदेशाचाच ‘टॅग’ लागतो. टॅग म्हणजे कागदाचा तुकडा. प्राणी पडला की त्यावर तारीख नोंदवून तो धडाला बांधायचा. एक टॅग, एक प्राणी. राज्याची वाटणी ‘युनिटां’मध्ये केलेली असते आणि दरवर्षी कळपांची मोजणी करून कुठल्या युनिटात किती टॅग द्यायचे ते ठरतं.

इतका बंदोबस्त का, हे समजून घ्यायला हवं. युरोपात शिकार राजाची आणि जमीनदाराची. अमेरिकेत गेलेल्या माणसांना ते नको होतं. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गीअर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात सांगितलं की रानातले प्राणी जनतेचे आहेत आणि राज्य ते जनतेच्या वतीनं सांभाळतं. त्या निकालाचा काही भाग १९७९ साली मोडीत निघाला, पण विश्वस्ताची ही कल्पना टिकली. १८९६ पर्यंत प्राणी मात्र फारसे उरले नव्हते. बाजारासाठी केलेल्या शिकारीनं डोंगर रिकामे झाले होते. कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कमध्ये १९१३-१४ साली यलोस्टोनहून एल्क आणून सोडावे लागले. आज त्याच राज्यात पावणेतीन लाखांहून जास्त एल्क आहेत. अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यात इतके नाहीत. यात शिकाऱ्यांच्या पैशाचा वाटा मोठा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर, आज तो ११ टक्क्यांपर्यंत आहे, वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. पोटात कालवाकालव होत असली तरी हे कबूल करायलाच हवं.

तर प्राणी जनतेचे. जनता कोट्यवधी आणि टॅग मोजके. मग वाटायचे कसे? जास्त पैसे देईल त्याला म्हटलं तर जमीनदारीच परत आली. पहिल्यांदा येईल त्याला म्हटलं तर दाराशी धक्काबुक्की. म्हणून चिठ्ठ्या. तिकडे त्याला ‘ड्रॉ’ म्हणतात. आपल्याकडे म्हाडाच्या घरांसाठी जी सोडत निघते तीच ही, फक्त घराच्या जागी हरीण.

फेब्रुवारी ते जून हा अर्जांचा हंगाम. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यांतल्यांचा आणि ॲरिझोनात सगळ्यांचा एल्कचा अर्ज फेब्रुवारीतच, न्यू मेक्सिकोत मार्चमध्ये, कोलोरॅडोत एप्रिलच्या सुरुवातीला. शेजाऱ्यांच्या फ्रीजवर चुंबकानं अडकवलेला एक तक्ता असे, आपल्याकडे दुधाचा हिशोब लावतात तसा. आणि जूनपर्यंत निकाल. अर्जापुढे एकच शब्द उमटतो, ‘अनसक्सेसफुल’. हा शब्द ते इतक्यांदा वाचत की कुंपणापलीकडून मला नुसता अंगठा खाली करून दाखवत. मला कळे.

इथवर सगळं सरळ आहे. पण दहा-दहा वर्षं नाव न निघालेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत शेजारच्या पोराचं नाव पहिल्याच वर्षी निघतं. तो वैतागतो. तक्रारी येतात, आमदारांना पत्रं जातात. आणि राज्यांना गुरुजींसारखी दया येते. नाव निघालं नाही तर एक पॉइंट. पुढच्या वर्षी आणखी एक. म्हणजेच चिठ्ठीला आठवण द्यायची.

याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत पॉइंटांनी तुमच्या चिठ्ठ्या वाढतात. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. दहा पॉइंट असले तर १०१ चिठ्ठ्या, वीस असले तर ४०१, नवख्याची एक. तरी त्या एका चिठ्ठीत थोडी धुगधुगी असते. दुसरी तऱ्हा कडक आहे. ज्याचे पॉइंट सर्वांत जास्त त्याला टॅग. मग ही सोडत राहतच नाही, तिची रांग होते. कोलोरॅडोत एल्क, हरीण यांचा मुख्य हिशोब वर्षानुवर्षं असाच चालत आला.

रांगेचं गणित मी फळ्यावर मांडत असे, इथं तोंडी मांडतो. समजा एका युनिटात दरसाल १० टॅग आहेत आणि दरसाल ४० नवे लोक रांगेत येतात. हे आकडे माझे, सोपे जावेत म्हणून घेतलेले. पहिल्या वर्षीच्या चाळीस जणांना टॅग देऊन होईपर्यंत चार वर्षं जातील. दुसऱ्या वर्षी आलेल्यांचे नंबर पाचव्या ते आठव्या वर्षांत लागतील. विसाव्या वर्षी टॅग कुणाला मिळतोय? पाचव्या वर्षी आलेल्याला. त्याच्याकडे १५ पॉइंट आहेत. चाळिसाव्या वर्षी? दहाव्या वर्षी आलेल्याला, ३० पॉइंटांवर. म्हणजे चार वर्षांत लागणारे पॉइंट तीननं वाढतात. तुम्ही एक पाऊल पुढे टाकता, तेवढ्यात दार पाऊण पाऊल मागे सरकतं. शिकारी याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात, सरपटत पुढे जाणारा आकडा. आणि जो विसाव्या वर्षी रांगेत आला, त्याचा नंबर ७७ ते ८० या वर्षांत. पंचविशीत अर्ज केला असेल तर ऐंशी ओलांडल्यावर डोंगर चढायचा.

माझा आकडा काल्पनिक आहे, चित्र नाही. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यात २०१ नंबरचं एल्कचं युनिट आहे. तिथल्या नराच्या टॅगसाठी वीसहून जास्त पॉइंट लागतात. आज बारा वर्षांच्या मुलानं, तिथं शिकारीचं किमान वय तेवढं आहे, पहिला पॉइंट घेतला तर तो कुठल्या रांगेत उभा आहे ते तुम्हीच ठरवा.

गंमत अशी की चांगल्या हेतूनं केलेल्या सुधारणाही रांग वाढवतात. कोलोरॅडोत पूर्वी अर्जाबरोबर टॅगची पूर्ण रक्कम भरावी लागे. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला बिगहॉर्न या रानमेंढ्यासाठी ती दोन हजार डॉलरच्या वर जाई. नाव निघालं नाही तर पैसे परत, पण तोवर अडकलेले. २०१८ पासून ती अट गेली. थोडी फी भरा, बाकीचे नंबर लागल्यावर. गरिबाची सोय झाली आणि अर्जांचा पूर आला. ज्यांनी पंधरा वर्षं कशीबशी पैसे अडकवून ठेवले होते त्यांना ही सुधारणा कशी वाटली असेल? आमच्या शेजाऱ्यांचे मित्र ओसरीवर बसून यावर जे बोलत ते मी इथं सांगू शकत नाही.

मला मात्र राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पॉइंट विकतात.

वायोमिंगचं उदाहरण घ्या. बाहेरच्या राज्यांतल्या शिकाऱ्यांसाठी तिथं एल्क, हरीण आणि प्राँगहॉर्न हा काळविटासारखा प्राणी यांचे पॉइंट २००६ साली सुरू झाले. एखाद्या वर्षी अर्ज करायचा नसेल तरी चालतं, नुसता पॉइंट विकत घेता येतो. एल्कचा ५२ डॉलर, हरणाचा ४१, प्राँगहॉर्नचा ३१. तिन्ही मिळून सालाचे १२४. याच दरानं वीस वर्षांचे होतात २४८० डॉलर. यात एकही प्राणी नाही, एक दिवसाची शिकार नाही. हे रांगेत उभं राहण्याचं भाडं. सलग दोन वर्षं चुकलात तर साठवलेलं सगळं शून्य. वायोमिंगच्या स्वतःच्या रहिवाशांना मात्र या तीन प्राण्यांसाठी पॉइंट नाहीतच. त्यांच्यासाठी साधी चिठ्ठी. आपल्या घरच्यांसाठी राज्यानं काय पसंत केलं ते ध्यानात घ्या.

आता पुढचं. बिगहॉर्न आणि मूस (मोठ्या जातीचं हरीण) यांचे पॉइंट तिथं १९९५ पासून आहेत. बाहेरच्यांना मेंढ्याच्या टॅगांचा चौथा हिस्सा आणि मूसचा पाचवा हिस्सा मिळायचा. २०२३ पासून तो दहा टक्क्यांवर आला. पंचवीस-सव्वीस वर्षं दर वर्षी पैसे भरणारी माणसं रांगेच्या तोंडाशी पोचली आणि दार अर्धं किंवा त्याहून जास्त बंद झालं. दाद मागायची तर कुठे? मोंटानानं बाहेरच्यांना एल्कसाठी कितीतरी पट जास्त फी लावली होती, तिच्याविरुद्धचा बाल्डविन खटला १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. हौसेखातर केलेली शिकार हा मूलभूत हक्कांचा प्रश्न नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कायदेशीर दृष्ट्या ते बरोबर असेल. पण पॉइंट ही कसली वस्तू आहे? ठेव म्हणावी तर मोडता येत नाही. विमा म्हणावा तर मेल्यावर वारसाला मिळत नाही. वचन म्हणावं तर देणारा बांधील नाही. लक्षात ठेवायचं ओझं सगळं अर्ज करणाऱ्यावर. गुरुजींच्या डब्यातल्या जादा चिठ्ठ्यांचे निदान पैसे पडत नव्हते.

आपल्या पिढीला स्कूटरची आठवण असेल. चेतकसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. पुढे उत्पादन वाढलं आणि ती रांग एके दिवशी विरून गेली. इथं ती सोय नाही. बिगहॉर्नची मादी वर्षाला एकच कोकरू देते. पाळीव मेंढ्यांकडून लागलेल्या न्यूमोनियानं कळपच्या कळप जातात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायोमिंगमध्ये बर्फ इतका आणि इतका काळ पडला की हरणं आणि प्राँगहॉर्न मोठ्या संख्येनं मेली, आणि त्या वर्षी टॅग कापावे लागले. रांगेतल्या माणसांना कुणी ‘पुढच्या महिन्यात माल येतोय’ असं सांगू शकत नाही.

कुणी म्हणेल, हा प्रश्न आपण केव्हाच सोडवला. खरं आहे. आपल्याकडेही एके काळी राखीव जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत आणि विदर्भातल्या रानांसाठी साहेबाकडे परमिट मागावं लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा सुरुवातीला मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा असे परवाने लिहिलेले होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते काढून टाकले. बंदी आली आणि वाटपाचा प्रश्नच संपला. ते योग्य झालं असं मला वाटतं. पण समान वाटपाचा प्रश्न सोडवणं आणि वाटप बंद करणं या एकच गोष्टी नव्हेत. ताडोब्याच्या गेटाची जिप्सी सुट्टीच्या दिवसात कुणाला मिळते, हा प्रश्न मी इथं फक्त ठेवून पुढे जातो.

लिलावाबद्दल बोलायला हवं, नाहीतर प्रश्नोत्तरांत ते येईलच. पश्चिमेकडची बहुतेक राज्यं एखाद-दुसरा टॅग लिलावात काढतात. २०१३ साली मोंटानातला बिगहॉर्नचा एक टॅग ४ लाख ८० हजार डॉलरना गेला. पैसा मेंढ्यांच्याच संवर्धनाला जातो. शेजाऱ्यांना याची भयंकर चीड. ‘राजे परत आले,’ असं ते म्हणत. मला ती चीड कळते, पण माझं मत थोडं उलट आहे. लिलाव निदान खोटं बोलत नाही. तो सांगतो, पैसेवाल्यासाठी एक जागा ठेवली आहे. पॉइंट सांगतात, वेळ सगळ्यांकडे सारखा आहे, वेळ द्या. तो सारखा नसतो. बाराव्या वर्षी वडिलांनी ज्याचा पहिला पॉइंट घेऊन ठेवला तो, आणि चाळिशीत पहिल्यांदा बंदूक हातात धरलेली बाई, यांच्याकडे वेळ सारखा नाही.

शिवाय मनात नसताना माणसं वेगळी होतात. कोलोरॅडोत गटानं अर्ज केला तर गटात ज्याचे पॉइंट सर्वांत कमी त्याचाच आकडा सगळ्या गटाला लागतो. बापाचे अठरा, मुलाचे दोन, तर अर्ज दोनवर. वायोमिंगमध्ये सरासरी काढतात. दोन्ही नियमांत गणित चुकीचं नाही. चुकीचं इतकंच की जी माणसं शिकारीला जातात ती पुष्कळदा लेकरांना घेऊन जाण्यासाठीच जातात.

मग करायचं काय? आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत पॉइंट नाहीत. आयडाहोत अट अशी की मूस, मेंढा, पहाडी बकरा यांपैकी एकच निवडा, आणि तो निवडला तर त्या वर्षी एल्क-हरणाच्या खास सोडतींत अर्ज नाही. पैसेही आधी पूर्ण भरा. म्हणजे ज्याला खरंच हवं तोच येतो आणि चिठ्ठ्या कमी राहतात. मला ही रचना सर्वांत सरळ वाटते. न्यू मेक्सिकोत ८४ टक्के टॅग रहिवाशांना, दहा टक्के मार्गदर्शक घेऊन येणाऱ्यांना, सहा टक्के इतर बाहेरच्यांना. वर जमीनमालकांना एल्कचे जे अधिकार मिळतात ते त्यांना विकता येतात, तेव्हा तिथंही गंगा निर्मळच आहे असं समजू नका. पण चिठ्ठीला आठवण नाही. अठरा वर्षांची पोरगी आणि साठीचा म्हातारा दोघांची तीच शक्यता.

अडचण आहे ती परतीच्या वाटेची. डबा पालथा करायचा तर ज्यांच्याकडे पंचवीस पॉइंट आहेत त्यांना काय सांगणार? गुरुजींचं बरं होतं, आम्ही आठवीत होतो आणि त्यांच्या हातात छडी होती. म्हणून राज्यं मधला मार्ग काढतात. वायोमिंग (बाहेरच्यांच्या वाट्यात) आणि ओरेगन तीन हिस्से टॅग पॉइंटवाल्यांना देतात, चौथा हिस्सा निव्वळ सोडतीला. यूटा मर्यादित शिकारीचे अर्धे टॅग वरच्या पॉइंटांना देतं. रांगेतले दोन्हीकडून नाराज. जुने म्हणतात आमचं चोरलं, नवे म्हणतात हा तुकडा पुरत नाही. याहून चांगली वाट मलाही सापडलेली नाही आणि मी तीन उन्हाळे त्यावर आकडेमोड केली आहे.

शेजाऱ्यांचं राहिलं. एका राज्यात, नाव नको, त्यांचे एकवीस पॉइंट झाले होते. लेकीचे चार. दोघांनी मिळून अर्ज केला असता तर त्यांचे एकवीस मातीत गेले असते. म्हणून ते एकवीस जपत आणि लेकीबरोबर उरल्यासुरल्या टॅगांवर मादीच्या शिकारीला जात. तिनं मारलेलं पहिलं एल्क आमच्या दारात आलेल्या पाकिटात होतं, हे मला फार उशिरा कळलं. मी तोवर भारतात परतलो होतो.

एकोणसत्तराव्या वर्षी त्यांचा नंबर लागला. एकवीसचे तेव्हा सव्वीस झाले होते. त्यांनी रात्री फोन केला, तिकडची सकाळ. आवाज ओळखू येईना. ऑगस्टमध्ये त्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली. मुदतीच्या आत टॅग परत केला तर पॉइंट परत मिळतात असा तिथला नियम आहे. त्यांनी टॅग पाकिटात घालून परत पाठवला. सव्वीसचे सव्वीस खात्यावर परत आले.

गुडघा आता नवा आहे. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. लागणारा आकडा दरम्यान आणखी वर सरकला आहे. ते अर्ज भरतात. मे महिन्यात एकदा व्हिडिओवर येतात, बोलत काहीच नाहीत, अंगठा खाली करून दाखवतात आणि बटाटेवड्यात ओवा घालायचा की नाही ते विचारतात.